पह्यले गाडीले पानी

अर्जदार : दादाराव चाफले, राहणार समुद्रपूर, धंदा जुन्या व्हॅनने गिरडच्या सवाऱ्या वाहणे. गैरअर्जदार : सदर व्हॅनच्या पोटाखालील दोन गंजके पाईप. साक्षीदार : रशीद मिस्त्री, गॅरेजवाले, आणि खाली लिहिणार, म्हणजे तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल मांडून बसणारा अर्जनवीस व दादारावचा सख्खा शेजारी. तारीख : लग्नपत्रिकेप्रमाणे.

वाचकांस कळविण्यात येते की, दादारावच्या घरी भर उन्हात पाहुणा आला तरी त्यास प्रथम पाणी मिळत नाही. दादाराव बादली घेऊन अंगणात जातो, व्हॅनच्या रेडिएटरमध्ये पाणी ओततो, झाकण आवळतो आणि त्यानंतरच पाहुण्यासाठी माठाकडे वळतो. कोणी हटकल्यास त्याचे उत्तर ठरलेले आहे. "पह्यले गाडीले पानी, मंग मानसाले. मानूस मांगून घेते, तिले तोंड नाई." एकदा खुद्द तलाठी कोरड्या घशाने अंगणात उभे राहिले, हे मी समक्ष पाहिले आहे.

समुद्रपूर ते गिरड या रस्त्यावरील एकही हातपंप असा नाही की जेथे ही व्हॅन थांबली नाही. टेकडीवरच्या दर्ग्याला नवस फेडण्यास निघालेल्या सवाऱ्या वाटेत पंप हापसून हापसून निम्मे पुण्य खालीच कमावतात. कोणी कुरकुर केल्यास दादाराव त्यास उतरण्यास सांगत नाही, फक्त रिकामी कॅन त्याच्या हाती देतो.

याचे कारण वर नमूद केलेले पाईप. पुढच्या रेडिएटरपासून सीटखालच्या इंजिनापर्यंत पाणी नेणे व आणणे हे त्यांचे काम. परंतु ते आतून-बाहेरून सडल्यामुळे पाणी इंजिनापेक्षा डांबरी रस्त्यासच अधिक मिळत असे.

आता मूळ तंट्याकडे येतो. दादारावची धाकटी बहीण कुसुम कारंजा घाडगे येथे दिली आहे. तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात नवरीच्या पाठीशी उभे राहण्याचा मान सख्खा मामा म्हणून दादारावचा होता. तो नवे धोतर नेसून, नवा फेटा बांधून निघाला आणि भर रस्त्यात पाईप फुटला. तो पोचला तेव्हा पंगती उठत होत्या. मुहूर्त टळू नये म्हणून नवरीच्या पाठीशी चुलत मामास उभे केले होते. कुसुम म्हणाली, भावाला बहिणीपेक्षा डबडी गाडी मोठी. दादाराव म्हणाला, सख्ख्या भावासाठी घडीभर थांबता येत नव्हते काय. तो न जेवता परत फिरला आणि उभय पक्षांचे बोलणे बंद झाले.

यंदा धाकट्या भाचीची पत्रिका आली, तीही एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती. अक्षत घेऊन घरी कोणी आले नाही. अशा निमंत्रणास रीतसर हरकत घेता येते, मी मसुदा करून देतो, असे मी दादारावास सुचविले.

तो म्हणाला, "बहिनीले कोनी नोटीस देते काय, बाबूजी? तिनं पत्रिका धाडली, मले गाडी धाडा लागते."

मी म्हटले, बसने जावे. तो म्हणाला, "ज्या गाडीनं नाक कापलं, त्याच गाडीनं जाईन."

तेथून त्याने व्हॅनखाली जो मुक्काम ठोकला, तो सोडला नाही. प्रथम पाईपास सायकलची ट्यूब गुंडाळली, ती सुटली. नंतर शेतातली ठिबकची नळी कापून बसविली. कपाशीच्या मुळाशी गार पाणी सोडणारी ती गरीब नळी गरम पाण्याने शिजलेल्या शेवईसारखी लोंबू लागली. रशीद मिस्त्रींनी वाकून पाहिले व निकाल दिला.

"दादाराव, हे पाईप नाई, चाळनी हाय. भंगारात दे गाडी."

"तुह्ये दात पडले, रशीद. तुले घरच्यानं भंगारात देल्लं काय?"

हा युक्तिवाद मंजूर झाला. मिस्त्री पाना घेऊन खाली सरकले. जिन्याचे कठडे बनविणाऱ्याकडून स्टीलचा पाईप आणला. वाकविताना तो चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरली, तापविला, आणि जुन्या पाईपाच्या मापाने हळूहळू वळविला. पहिला मोडला. दुसरा आखूड पडला. तिसरा बसला; तसाच परतीचाही. टोकांना नवे रबरी पाईप चढवून क्लिपा आवळल्या. दादारावने व्हॅनखाली कोरडा पेपर अंथरला व इंजिन चालू ठेवून त्यावर डोळे लावून बसला. पेपर कोरडाच राहिला.

लग्नाच्या दिवशी पहाटेच आम्ही निघालो. साक्षीदार म्हणून मी सोबत होतो. वाटेत व्हॅनने कोठेही पाणी मागितले नाही. तरीही दादाराव प्रत्येक हातपंपापाशी गाडी हळू करी, तापमानाच्या काट्याकडे पाही आणि पुढे जाई. मुहूर्त गोरजाचा होता. आम्ही कारंज्यात पोचलो तेव्हा मंडपासाठीच्या खुर्च्याही टेम्पोतून उतरल्या नव्हत्या. दादाराव फेटा बांधून गाडीतच बसून राहिला. मी म्हटले, आत चला. तो म्हणाला, "बोलावतीन तं जाईन." रेडिएटर निवाला, तरी तो तसाच बसलेला.

अखेर कुसुमबाई बाहेर आल्या. हळदीच्या हातात पाण्याने भरलेली बादली होती. भावाकडे न पाहता त्या थेट व्हॅनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"झाकन खोल, भाऊ. पह्यले गाडीले पानी."

दादाराव खाली उतरला. रेडिएटर काठोकाठ भरलेला आहे हे तो जाणत होता, मीही जाणत होतो. तरी त्याने झाकण काढले. बाई ओतीत राहिल्या. पाणी बाहेर सांडून त्याच्या नव्या धोतरावर, पायांवर ओघळले, पण पुरे असे तो म्हणाला नाही. बादली रिकामी झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता तू चाल. पोरगी वाट पाहून राह्यली."

सबब वाचकांस नम्र विनंती की, भरलेल्या रेडिएटरमध्ये ओतलेले पाणी वाया गेले असे म्हणता येईल किंवा कसे, याचा पूर्ण विचार होऊन लेखी उत्तर मिळावे.