वेंडेलच्या नावाखालची रेघ

माझं गणित चुकत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, निरीक्षण म्हणून सांगते. म्हणूनच चिपवर प्रकाशासाठी वीस वाटा कोरायचं ठरलं, तेव्हा मी वीसही एकाच रुंदीच्या मागितल्या.

अशा वाटेत एका टोकानं डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडायचा. रुंदी नेमकी साधली, तर दुसऱ्या टोकानं तो हिरवा होऊन बाहेर पडतो. ही रुंदी केसाच्या सत्तराव्या भागाइतकी. जरा इकडेतिकडे झालं की अंधार.

आमच्या रॉचेस्टरात सगळेच थोड्या थोड्या फरकाच्या पन्नास वाटा कोरून घेतात. एखादी तरी लागते. मला ती लॉटरी वाटायची. चिपचे नकाशे काढणारा वेंडेल प्रुइट तीस वर्षं हेच करतोय. तो म्हणाला, "बाई, तुझं गणित बरोबर असेल. पण कोरणाऱ्या यंत्राला ते ठाऊक नाही."

मी ऐकलं नाही. मग त्यानं विसाव्या वाटेपलीकडच्या रिकाम्या पट्टीत आपलं नाव घालायची परवानगी मागितली. नकाशा काढणाऱ्याचा तो जुना मान. मी मोठ्या मनानं दिली.

चार महिन्यांनी चिप आली. शुक्रवारी दुपारी निधी देणाऱ्या संस्थेच्या ऑस्ट्रँडरबाई पाहणीला येणार होत्या. हिरवं दिसलं तर प्रकल्प चालू, नाहीतर बंद. सकाळी मी वीसही वाटा तपासल्या. वीसही काळ्या. माझ्या हट्टाप्रमाणे अगदी एकसारख्या काळ्या!

बाई आल्या, बर्फ झटकून पडद्यासमोर बसल्या. मी पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. विसावीपर्यंत त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. घाईत माझा धक्का लागला, प्रकाश सोडणारी तार किंचित पुढे सरकली, आणि पडद्यावर हिरवागार ठिपका उमटला.

"सुरेख," बाई म्हणाल्या. "ही कितवी?"

मी मोजलं. "एकविसावी."

"तुमच्या अर्जात तर वीसच आहेत."

सूक्ष्मदर्शक तिकडे वळवला. वेंडेलचं नाव, आणि त्याखाली चिपच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढलेली रेघ. चमकत होती.

"रुंदी कशी ठरवली?" बाईंनी विचारलं.

मी मागे उभ्या असलेल्या वेंडेलकडे पाहिलं.

"नावाखाली शोभेल इतकी," तो म्हणाला.

प्रकल्प चालू राहिला. नव्या चिपवर पन्नास वाटा आहेत, पन्नास वेगवेगळ्या रुंदींच्या. रिकाम्या पट्टीत वेंडेलनं या खेपेला माझं नाव घातलं आणि विचारलं, "खाली रेघ मारू?"

"मार," मी म्हणाले. "शोभेल इतकी."