उंदीर खात्यातला माणूस

उंदरांना आमंत्रण तुम्हीच दिलंत, कचेरीतल्या साहेबांनो. पिंजरा पाखरांसाठी बांधताय हे ठाऊक असताना जाळीला दोन बोटांची भोकं ठेवलीत, खाली फरशी घातली नाहीत, आणि फीत कापून, पेढे खाऊन निघून गेलात. त्यानंतरचे सगळे हाल सितारामचे.

सितारामची भातशेती ज्या नव्या शहराखाली गेली, त्याच शहराच्या बागेत त्याला पाखरं राखायचं तात्पुरतं काम मिळालं होतं. पाखरं म्हणजे तीस लव्हबर्ड, हिरवे-पिवळे. महिन्याभरात साहेब पाहणीला येणार, पिंजरा भरलेला दिसला तर सिताराम कायम होणार, असं त्याला कचेरीत सांगितलं होतं. आणि इकडे उंदीर घरट्यांसाठी टांगलेल्या मडक्यांतली अंडी रोज फस्त करत होते.

तो कचेरीत गेला. नंदकिशोर कारकुनाने अर्ज पाहिला.

"बारीक जाळी? ती बांधकामाकडे. उंदीर आरोग्याकडे. आपल्याकडे फक्त पाखरं."

"पन उंदीर पाखरांच्याच पिंजऱ्यात हाय ना, सायेब!"

"टेन्शन नको घेऊ. उंदरांचा अर्ज मी करतो. इथे सही कर."

सितारामने सही केली. आठवड्याने आरोग्यातून पिंजऱ्यात पसरायला विषाच्या गोळ्यांचा डबा आला.

"अवो, ह्ये पाखरां खातील, मरतील!"

"पाखरांना सांग, खाऊ नका म्हणून," नंदकिशोर म्हणाला आणि चहाला गेला.

सितारामने डबा कडी-कुलपात ठेवला आणि घरी येऊन कपाळ धरून बसला. बायजाबाई भाकऱ्या थापत होती. "अवं, खल्यावर धान राखलाव जलमभर, आनि मूठभर पाखरां नाय राखवत? रडताव काय?"

"जाली कोन देल?"

"जिकडं तिकडं इमारती चालल्यान. वालू चालाची जाली फाटली का फेकतान. मुकादमाला विचारा. तोंड हाय ना?"

मुकादमाने फाटक्या चाळणीच्या जाळ्यांचा ढीगच दाखवला. "घेऊन जा, मामा, जागा तरी मोकळी होईल."

नवरा-बायकोने चार दिवस खपून पिंजऱ्याला बाहेरून बारीक जाळी शिवली. भोवती हातभर चर खणला, जाळी खाली उतरवून तळाशी बाहेरच्या बाजूला दुमडली, म्हणजे खालून बीळ पाडणाऱ्या उंदराचं नाक जाळीवरच आपटेल. सूर्य मावळला की सिताराम दाण्यांच्या ताटल्या उचलायचा, सांडलेलं झाडून घ्यायचा. पंधरा दिवसांत एक उंदीर औषधालाही उरला नाही. मडक्यांतून पिल्लं ओरडू लागली.

साहेब आले. पाखरं पाहून खूश झाले, एका पिल्लाला "ले ले ले" सुद्धा केलं. मग फाइल उघडली.

"उंदीर किती शिल्लक आहेत?"

"एक बी नाय, सायेब!" सितारामची छाती फुगली.

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी नंदकिशोरकडे पाहिलं. नंदकिशोरने सितारामला बाजूला ओढलं.

"अरे, काय केलंस हे? पाखरांना माणूस ठेवायची तरतूदच नाही. तुझी मुदत संपत आली होती, म्हणून मी त्या अर्जावर तुझी सही घेऊन तुला उंदीर निर्मूलनात घातलं. उंदीर आहेत तोवर तू आहेस."

"मंग आता?"

"आता काय? संपले उंदीर, संपलास तू. दोन-चार तरी ठेवायचेस! सरकारी काम इतकं मुळापासून कोणी करतं का?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम. उंदीर पुन्हा झाले तर अर्ज कर, विचार करू."

"पुन्हा व्हायला ह्यी जाली उपटाला लागंल."

"ते मी कसं सांगणार?"

"आनि उंदरांनी पिल्लां खाल्ली, तर कोनाला पकडाल?"

"पाखरांच्या माणसाला."

"तो कोन?"

साहेब फाइलमध्ये शोधू लागले. पानं उलटली, परत उलटली. नंदकिशोर आभाळाकडे बघू लागला.

चराच्या कडेला उभी असलेली बायजाबाई पुढे आली. चर खणला होता तीच कुदळ तिच्या हातात होती. ती तिने साहेबांच्या बुटांपुढे ठेवली.

"घ्या, सायेब. जाली उपटाची तर तुमच्या हातानं उपटा. नाय उपटाची तर ह्याला कायम करा. दोन्हींतला कंचा, त्यो आत्ता सांगा. बोला!"