चौकात उतरणारा आवाज

हेमलता शिंत्रेच्या मोटरसायकलचा आवाज गॅरेजच्या अलीकडे, दत्त चौकात उतरायचा, विलासच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर बसायचा आणि ती परत आली की पुन्हा गाडीवर चढायचा.

गाडी तेवीस वर्षांची. नवऱ्यानं स्कूटर घेतली तेव्हा घरातली जुनी उशी यावी तशी ती हेमलताच्या वाट्याला आली, त्यालाही नऊ वर्षं झाली. हेमलता आरोग्यसेविका. तिचं उपकेंद्र घाटाच्या वर. एसटी दिवसातून एकदा, तीही आली तर. त्यामुळे चव्वेचाळिसाव्या वर्षी ओढणी कमरेला खोचून, तीन किका मारून, लसीचा डबा मागं बांधून घाट चढणारी बाई तालुक्यात ती एकटीच होती. आपण तशा कशा दिसतो हे तिनं एकदा दुकानाच्या काचेत बघून घेतलं होतं. पुन्हा बघितलं नव्हतं.

आवाज टक-टक-टक असा यायचा. सपाटीला बारीक, चढाला मोठा.

गॅरेजात दस्तगीर मेस्त्रींनी गाडी चालू केली, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. हेमलता गरोदर बाईच्या पोटावर नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकायची तेव्हा असेच डोळे मिटायची, म्हणून ती अदबीनं गप्प राहिली.

"काहीच न्हाई," मेस्त्री म्हणाले.

"अहो, चौकापर्यंत होता!"

"मग चौकात उतरला असंल." मेस्त्रींना त्यात विशेष काही वाटलं नाही. "पुष्कळांचे उतरतात. जुन्या गाडीचे तर हमखास."

"मग आता?"

"आता काय, त्याला घेऊन या. वरनं येत असंल तर टॅपेट. तुमचा चहा होईपर्यंत करून देतो. खालनं येत असंल तर क्रँकचं बेरिंग. इंजिन उतरवावं लागंल, चार दिवस. आणि तशीच चालवली तर एक दिवस घाटात जाम होऊन बसंल."

"तुम्ही उघडूनच बघा ना."

"सिस्टर, न ऐकता इंजिन उघडायचं म्हणजे न तपासता पोट फाडायचं. तुम्ही फाडाल का?"

हेमलता फाडणार नव्हती. पण वरच्या वाडीतल्या सुमनची तारीख चौदा दिवसांवर आली होती. पहिलटकरीण, अंगानं किरकोळ, आणि वाडीपर्यंत रुग्णवाहिका यायची म्हणजे अडीच तास. हेमलताची गाडी घाटात बसली तर सुमनजवळ पोचणारं दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री स्वतःच चौकात येऊन उभे राहिले. आवाज अलीकडच्या पुलावर उतरला. तिसऱ्या दिवशी तिनं बाजारातून वळसा घातला, तर तो भाजीवाल्यांत उतरला. चौथ्या दिवशी तिनं सणाची साडी नेसून, घरात मोठ्यांदा "बहिणीकडे जाऊन येते" असं सांगितलं. आवाज घरातून निघालाच नाही. संध्याकाळी शेजारच्या काकू म्हणाल्या, "हेमा, दिवसभर तुमच्या पायरीवर काहीतरी टकटकत होतं गं. मी पाणी ठेवलं थोडं."

ती टपरीवर गेली.

"विलास, माझा आवाज इथं बसतो का रे?"

"बसतो की. त्या कडेला." विलासनं गाळणी आपटली. "तुमची गाडी पंपापाशी आली की आपणहून उठतो."

"त्रास देतो का?"

"छ्या! कॅरमवाल्यांपेक्षा लाख पटीनं बरा. ताई, घाबरट आहे हो. मेस्त्री पान खायला आले की बाकड्याखाली जातो."

घरी येऊन हेमलता विचार करत बसली. एकवीस वर्षं ती हेच बघत आली होती. तिच्यापाशी बाया सगळं सांगायच्या आणि डॉक्टरांपुढं उभं केलं की "काही न्हाई, बरं हाय" म्हणून पदर सावरायच्या. दुखणं दाराबाहेर ठेवूनच आत जायच्या. अशा बाईला तिनं कधी प्रश्न विचारला नव्हता. तिच्याजवळ बसायचं, शेळ्यांचं विचारायचं, तिच्या सुपातले दोन खडे आपण वेचायचे. मग ते आपोआप यायचं. हे सगळं माहीत असलेली बाई आवाजाला फसवायला सणाची साडी नेसून हिंडत होती. हेमलताला स्वतःचं जरा हसू आलं, आणि जरा लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजला गेलीच नाही. चौकात गाडी लावली, दोन चहा सांगितले आणि बाकड्याच्या कडेला बसली. गाडीचा विषय काढला नाही. बदलीच्या अफवेबद्दल बोलली. डावा खांदा सहा महिने दुखतोय आणि आपण कुणाला दाखवलेला नाही, हेही बोलून गेली. दुसरा चहा निवला.

बऱ्याच वेळानं आवाज बोलला. नऊ वर्षं ज्याच्याबरोबर घाट चढलो त्याचं बोलणं कळायला वेगळं शिकावं लागत नाही.

"मी कुठनं येतो ते त्यांना कळलं की ते मला काढणार," आवाज म्हणाला.

"हो."

"मग मी जायचं कुठं?"

हेमलताकडं लसीच्या भीतीवर उत्तर होतं, टाक्यांच्या भीतीवर होतं, त्यांची पोस्टरं होती. यावर नव्हतं. "विचारून सांगते," ती म्हणाली.

मेस्त्रींनी हात पुसत पुसत विचार केला. "आपल्यात जुना माल गिऱ्हाइकाला परत देतात. बेरिंग, रिंगा, जे काय निघंल ते कागदात बांधून. न्हाईतर गिऱ्हाईक म्हणणार, बदललंच न्हाई. तसाच आवाजबी देतो."

"लिहून द्याल?"

मेस्त्रींनी कामाच्या कार्डावर लिहिलं : जुना आवाज गिऱ्हाइकास परत. खाली सही केली. हेमलतानं ते टपरीवर नेऊन वाचून दाखवलं. आवाजानं कार्ड खालपर्यंत बघितलं.

"शिक्का नाही," तो म्हणाला.

ती परत गेली आणि शिक्का मारून आणला.

सकाळी चौक आला, चौक गेला. कुणी उतरलं नाही. विलासनं गाळणीसकट हात वर केला. गॅरेजच्या दारात आवाज थोडा कापरा झाला, पण हजर राहिला. मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर वर, हेडला लावला, मग बाजूला, मग खाली. तिथं ते थांबले. कुणी म्हाताऱ्या माणसाचं गाऱ्हाणं ऐकावं तसे मान हलवत राहिले.

"खालनंच," ते शेवटी म्हणाले. "बेरिंग पार गेलंय. आठवडाभर चालली असती, सिस्टर. फार तर दहा दिवस."

इंजिन चार दिवस उतरवलेलं होतं. आवाज चारही दिवस स्टुलावर बसून काम बघत होता. पाचव्या दिवशी गाडी इतकी बिनआवाजी चालत होती की हेमलतानं चालू गाडीला आणखी दोन किका मारल्या. मेस्त्रींनी एका कागदात बेरिंग दिलं आणि दुसऱ्या कागदात, दोरा बांधून, आवाज दिला.

आणखी दोन दिवसांनी, तारखेच्या दोन दिवस आधीच, दुपारी दीडला वाडीतून फोन आला. रुग्णवाहिका निघाली होती. हेमलता तिच्याआधी पोचायला निघाली. गाडी घाट चढली, कुठं अडखळली नाही. घाटात काही ऐकू येत नव्हतं, म्हणून वाटेत तिनं दोनदा पिशवी चाचपली.

घरात कुणी बोलत नव्हतं. सुमनची सासू दारात पदर तोंडाला लावून उभी, वाडीची आशाताई पाणी तापवत होती, आणि सुमन छताकडं बघत होती.

"सिस्टर," ती म्हणाली, "तुमच्या पिशवीत काय वाजतंया?"

"माझ्या गाडीचा जुना आवाज आहे."

"बांधून कशापायी ठेवलाय? सोडा की त्याला. इथं समदी मुकी झाल्यात."

हेमलतानं हात धुण्याआधी दोरा सोडला. आवाज सुमनच्या उशाशी बसला आणि संथ टकटकत राहिला. कळ आली की मोठा व्हायचा, ओसरली की बारीक. चढ त्याला नवा नव्हता. सुमन त्याच्याबरोबर श्वास घेत राहिली. मध्येच सासूला म्हणाली, "आत्याबाई, बघा, ह्यो दमत न्हाई." सासू म्हणाली, "त्याला काय हुतंय, त्याला कुटं पोट हाय." सुमन कळेतच हसली.

दुपारी चारला दहा कमी असताना मुलगी झाली. पावणेतीन किलो, रडायला खणखणीत. रुग्णवाहिका वीस मिनिटांनी आली. तिच्या ड्रायव्हरनं चहा घेतला.

हेमलतानं रजिस्टर भरलं. 'प्रसूतीच्या वेळी उपस्थित' या रकान्यात तिनं तीन नावं लिहिली : सासू, आशाताई, आवाज.

पुढच्या महिन्यात वैद्यकीय अधिकारी तपासणीला आले. एकेका ओळीवर बोट फिरवत ते तिथं थांबले. त्यांनी चष्मा वर केला.

"शिंत्रे सिस्टर, हा आवाज कायम आहे की कंत्राटी?"

"कंत्राटी, सर."

त्यांनी लाल पेनानं पुढं कंसात तसं लिहिलं आणि पान उलटलं.