टिपणीस गोल्फला निघाले

माणूस छत्री कशासाठी वापरतो? पावसासाठी, उन्हासाठी, फार तर कुत्रं हाकलायला. आमचे शेजारी टिपणीस ती उलटी धरायचे. टोक दोन्ही हातांत, मूठ जमिनीशी. मग कंबरेतून वळायचे आणि खाली नसलेला चेंडू सणसणीत हाणायचे. एवढ्यावर भागायचं नाही. कपाळावर आडवा हात धरून तो कुठे पडला तेही बघायचे. हे सगळं वर्तकनगरच्या बसस्टॉपवर, रांगेत उभं राहून. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा रांगेतले आणखी दोघंतिघं माना उंचावून तो चेंडू शोधत होते.

टिपणीस आमच्या समोरच्या दारात राहायचे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि फोरमन होऊन निवृत्त झाले, पण फिटर काही अंगातून गेला नाही. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी, फिटिंगमध्ये आलेल्या आणि न आलेल्या. आमच्याकडची आमटी चाखून ते हिला सांगायचे, "वहिनी, चिंच आज फिटिंगमध्ये नाही." वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाच्या मामालाच गाठून मत दिलं, "स्थळ एकदम फिटिंगमध्ये आहे, फक्त मुलगा जरा लूज वाटतो."

जिन्यात भेटले तर हातातलं दूध नासेपर्यंत सोडायचे नाहीत. असा हा बोलका माणूस एकाच माणसाशी बोलायचा नाही. स्वतःच्या मुलाशी, मंगेशशी. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. पण त्या घरात बोलण्याची वाट मालतीवहिनींवरून जायची. बापलेक शेजारी शेजारी जेवायला बसलेले असायचे, आणि टिपणीस म्हणायचे, "अगं, त्याला सांग, केस वाढलेत." तो हातभर अंतरावरून म्हणायचा, "आई, त्यांना सांग, रविवारी कापतोय." वहिनी पोळ्या लाटता लाटता निरोप इकडचा तिकडे करायच्या, वाटेत त्यातली मिरची काढून टाकायच्या. मंगेश मस्कतला नोकरीला निघाला तेव्हा विमानतळावरसुद्धा टिपणीस वहिनींनाच म्हणाले, "त्याला सांग, जपून राहा म्हणावं."

पुढे मालतीवहिनी गेल्या. मंगेश आला, दिवसकार्य करून परत गेला. तेवढ्या दिवसांत समोरच्या घरातून भांड्यांचा आवाज यायचा, माणसांचा नाही. मला ते दार बघवत नसे.

फोन तेव्हा आमच्याकडे होता. मंगेश दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, आमच्या नंबरवर फोन करायचा. मी हाक मारली की टिपणीस एक चप्पल घालून धावत यायचे, रिसीव्हर कानाला लावायचे आणि म्हणायचे, "हं. हं. जेवलास? बरं. ठेवतो." संपलं. आणि मग हाच माणूस आमच्या सोफ्यावर बसून नळाच्या वायसरवर तासभर बोलायचा. मला असा राग यायचा! वाटायचं, यातली पाच मिनिटं तिकडे टाकली असती तर काय बिघडलं असतं?

एका शुक्रवारी लाइन फार खरखरत होती. टिपणीस ओरडत होते, "काय? मोठ्याने बोल! गोल्फ? गोल्फमध्ये काय? वाळू? नुसती वाळू?" फोन ठेवून वळले तर चेहरा लग्नघरासारखा.

"सामंत, आमचा मंगेश गोल्फ खेळतो! वाळूत!"

त्या क्षणापासून टिपणिसांना गोल्फने झपाटलं. वाचनालयातून पुस्तक आलं, जुन्या मॅनेजरसाहेबांच्या घरी दोन चकरा झाल्या. चेंडू ज्यात घालवायचा तो खड्डा आणि असे खड्डे अठरा, हे ज्ञान त्यांनी जिन्यातल्या प्रत्येकाला दिलं. आणि शुक्रवारचा फोन पार बदलला. "काय रे, कसा चाललाय गोल्फ? खड्डे किती झाले? सात? वा! हात दुखतात? अरे, मग पकड सैल ठेव!" मी आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून ऐकत बसायचो. टिपणीस मुलाशी थेट बोलत होते, मध्ये कुणी नव्हतं.

"डिसेंबरात तो येतोय," एकदा फोन ठेवून ते म्हणाले. "महिनाभर. आम्ही गोल्फला जाणार." मग छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत हळूच म्हणाले, "महिनाभर आम्ही दोघंच त्या घरात, सामंत. आणि सांगायला ही नाही. गोल्फ झालाच पाहिजे."

आता आमच्या कॉलनीत त्या काळी गोल्फ कुणाच्या कानावरून गेलेला नव्हता, आणि गल्फ ऐकल्याशिवाय एक दिवस जात नव्हता. दर तिसऱ्या घरातला कुणीतरी तिकडे होता. टिपणीस गोल्फला जाणार म्हटल्यावर तळमजल्याच्या प्रधानबाई लोणच्याची बरणी घेऊन आल्या. "आमच्या दुबईच्या भावाला तेवढं द्या." कुणी सेंटची बाटली सांगितली, कुणी टू-इन-वन. मंडळाचे कार्यकर्ते शाल-नारळ देण्यापर्यंत आले होते.

"अहो, गल्फ नाही, गोल्फ! अलिबागच्या पुढे जातोय मी!" टिपणीस ओरडले.

"अलिबागवरून बोट सुटते होय आता?" प्रधानबाई म्हणाल्या आणि बरणी ठेवून गेल्या. लोणचं शेवटी आम्ही खाल्लं. चांगलं होतं.

अलिबागच्या पुढे का, याचीही कथा आहे. टिपणिसांनी काठ्या घरीच बनवल्या होत्या. पाऊण इंची पाइप, खाली नळाला वळण द्यायचा पितळी कोपरा, वर सायकलच्या हँडलचं रबर. त्या खांद्यावर टाकून ते मुंबईतल्या एका मोठ्या गोल्फ मैदानावर चौकशीला गेले. गेटवरच्या वॉचमनने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "प्लंबर? पीछे के गेट से जाओ." दुसरा कुणी असता तर हाय खाल्ली असती. हे मागच्या गेटने आत गेले, एक गळका नळ दुरुस्त केला, मैदान डोळे भरून पाहिलं आणि उड्या मारत परत आले. "गवताचे फार नखरे आहेत. आपल्याला लागतंच कशाला? मंगेश वाळूतच खेळतो. आणि वाळू कोकणात फुकट!"

मग कोकणातली वाळू शोधायची मोहीम सुरू झाली. हॉटेलं परवडणारी नव्हती. आमच्याकडे मासळी घेऊन यायच्या त्या हिराबाईंनी तो प्रश्न सोडवला. मुरुडच्या अलीकडे एका लहानशा कोळीवाड्यात त्यांची बहीण दिली होती. "तिच्याकडं र्‍हावा. जेवान करील. पन ह्या नल्या कशाला नेताव?"

"खेळायला."

हिराबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पापलेटाकडे बघितलं.

त्यांनीच सांगितलं की पुनवेला पाणी सर्वांत लांब आत जातं आणि पहाटे किनारा मोठा मोकळा मिळतो. टिपणीस कालनिर्णयाची पानं उलटायला लागले. गोल्फ तिथीवर ठरवणारा हा पृथ्वीवरचा पहिलाच खेळाडू असावा. डिसेंबरातली पौर्णिमा निघाली नेमकी दत्तजयंती. आमची ही म्हणाली, "दत्तजयंतीला गोल्फ?" टिपणीस म्हणाले, "वहिनी, दत्तमहाराजही कायम फिरतीवरच असायचे. फिटिंगमध्ये आहे!"

रोज काहीतरी नवीन. कॉर्कचे गोळे कानशीने घासून त्यांना रेडऑक्साइड लावलं, वाळूत दिसावेत म्हणून. खड्ड्यात बसवायला वनस्पती तुपाचे रिकामे डबे सगळ्या कॉलनीतून गोळा केले. हिरव्या चौकड्यांच्या कापडाची निशाणं शिवली. त्या दिवसांत आमच्या मजल्यावर घरात लग्न असल्यासारखी धांदल होती, आणि माझ्यासारखा आळशी माणूसही ऑफिसातून आल्या आल्या विचारायचा, "आज काय झालं?" मीही बरोबर जायचं, हे टिपणिसांनी परस्पर ठरवलं होतं.

"गोल्फला तिसरा माणूस लागतो?" मी विचारलं.

"गोल्फला नाही. आम्हाला लागला तर असावा."

मंगेश आला. रापला होता, खांदे रुंद झाले होते. बॅगा खाली ठेवायच्या आत टिपणिसांनी त्याच्या हातात काठी दिली. त्याने ती उलटसुलट बघितली. "पाऊण इंची?"

"पाऊण. कोपरा पितळी."

"आटे मस्त पडलेत, बाबा." तेवढ्यावर टिपणीस दोन दिवस खूश होते.

ठाण्याहून एसटीने निघालो. वडखळला गाडी थांबली तशी टिपणीस ड्रायव्हरला गोल्फ समजावत चहाला गेले. मंगेशने मला कोपऱ्यात ओढलं.

"काका, एक प्रॉब्लेम आहे. मी लाइफमध्ये कधी गोल्फ खेळलेलो नाय."

माझ्या हातातला वडा तसाच राहिला. "अरे, मग फोनवर?"

"मी म्हटलेलं, गल्फमध्ये काय आहे, नुसती वाळू. मग बाबा दर शुक्रवारी विचारायचे, गल्फ कसा चाललाय, खड्डे किती झाले. आमचं पाइपलाइनचं काम. रोज खड्डेच खणतो ना! मला वाटायचं, बाबा साइटचं विचारतात. सात झाले, आठ झाले, सांगायचो. घरी आलो, ती काठी बघितली, तेव्हा ट्यूब पेटली."

"मग सांग ना त्यांना आता."

तो चहावाल्याशी हातवारे करणाऱ्या बापाकडे बघत राहिला. "कसं सांगू? माझ्या कामाबद्दल बाबांनी पहिल्यांदा काही विचारलेलं, असं मला वाटलं. ते काम नव्हतं, गोल्फ होता. पण विचारलं तर मलाच ना? तुम्ही बाबांना सांगू नका हां, प्लीज."

दत्तजयंतीच्या सकाळी उजाडता उजाडता आम्ही किनाऱ्यावर होतो. समुद्र पार आत गेला होता. ओली, घट्ट वाळू लांबवर पसरली होती आणि तिच्यावर चिटपाखरू नव्हतं. टिपणिसांनी सरळ रेषेत डबे पुरले, निशाणं रोवली. पहिल्या निशाणाशी मंगेश थबकला. कापड दोन बोटांत धरून म्हणाला, "आईचं पातळ ना हे?"

"हो. लांबून दिसायला हवं म्हणून," टिपणीस म्हणाले. मंगेशने निशाण वाळूत आणखी खोल दाबलं.

खेळ सुरू झाला. मंगेशने पहिला फटका मारला. वाळू उडाली, गोळा जागचा हलला नाही. दुसऱ्या फटक्याला काठी वाकली. तिसऱ्याला गोळा मागे गेला. सुकट पसरायला आलेल्या हिराबाईंच्या बहिणीने लांबून विचारलं, "काय सांडलं काय तुमचं?" आम्ही हसून हसून वाळूत बसलो.

"डावा हात ताठ ठेव!"

"बाबा, तुम्ही कंबर किती फिरवता! बसफुगडी चाललीय का?"

"मला शिकवतोस?"

"मग! रोज खड्डे कोण खणतं?"

ओरडत, भांडत ते पुढे चालले होते आणि मी डबे गोळा करत मागे. मला कुणीही, कुणालाही, काहीही सांगायला सांगितलं नाही. त्या सकाळइतका आनंद मला माझ्या स्वतःच्या प्रमोशनलाही झाला नव्हता.

एक गोळा घरंगळत लाटेत गेला. मंगेश पँट वर करून त्याच्यामागे धावला. टिपणीस माझ्याजवळ आले, काठीवर रेलले.

"सामंत, या पोराने आयुष्यात गोल्फ खेळलेला नाही."

मी हातातल्या डब्यातली वाळू झटकली.

"फोरमन आहे मी. हत्यार हातातलं आहे की नाही, पहिल्या फटक्यात कळतं. त्या दिवशी फोनवर काय बोलला असेल, देव जाणे."

"मग आता?"

"आता काय. त्याला सांग..." जुन्या सवयीने ते म्हणाले आणि अडखळले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "त्याला सांगू नका, सामंत. उगाच बोलायचा थांबेल."

मालतीवहिनींनी जन्मभर निरोप पोचवले. मी बापलेकांचे हे दोन्ही निरोप पोटात ठेवले.

"बाबा, पाणी वर यायला लागलं!" मंगेश गोळा उंच धरून हाक मारत होता. "पुढचा खड्डा कुठे?"

"आलो रे, आलो!" म्हणत टिपणीस हिरव्या निशाणाकडे धावत सुटले. चपला माझ्यापाशीच राहिल्या होत्या.