चाळिसाव्या खोलीची चर्चा

घड्याळजींच्या मुलीच्या जुळ्यांनी एकाच आठवड्यात रांगायला सुरुवात केली, त्या वर्षाची ही हकीकत. घरात जमिनीपासून दोन फुटांपर्यंत काहीही सुरक्षित उरलं नव्हतं. एकाने चष्म्याची काडी चघळली, दुसरीने विजेच्या बिलाचा कोपरा गिळला, आणि एका बुधवारी दोघांनी मिळून टीव्हीखालून आक्काची कॅसेट ओढून काढली. एक टोक त्याच्या तोंडात, दुसरं तिच्या.

आक्का म्हणजे घड्याळजींची थोरली बहीण. टेलिफोन खात्यात दुसऱ्यांचे फोन जोडून देता देता तिची पस्तीस वर्षं गेली आणि लग्न राहून गेलं. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी गंमत म्हणून तिला व्हिडिओ गेमचं यंत्र आणि एक कॅसेट दिली. गंमत करणारा विसरला, आक्का विसरली नाही. हातात कंदील घेतलेला एक बुटका माणूस राजवाड्याच्या चाळीस खोल्यांतून पुढे जातो, असा तो गेम. प्रत्येक खोलीत नवी खोड. कुठे फरशी खचते, कुठे भिंत सरकते. आक्का रोज दुपारी दोन ते चार खेळायची. अठरा वर्षांत तिने एकोणचाळीस खोल्या पार केल्या होत्या आणि आता बुटका माणूस चाळिसाव्या दारासमोर कंदील घेऊन उभा होता.

तो उभा होता हे कॅसेटच्या लक्षात राहायचं ते आतल्या एका बटणाएवढ्या सेलमुळे. घड्याळात असतो तसाच सेल. तो संपला की बुटका माणूस पुन्हा पहिल्या खोलीत. घड्याळजींच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात असल्या सेलचा खण भरलेला होता, पण चालत्या वस्तूला हात लावायचा नाही हा त्यांचा धंद्याचा नियम. दुसरी गोष्ट अशी की आक्काचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी तिला जिने टाळायला सांगितलं, आणि घड्याळजींना बाहेर नेऊन म्हणाले, या वर्षाचं मी काही सांगत नाही.

आक्काला याचा अंदाज होता. तिने एवढंच म्हटलं होतं की दुसरं काही नको, तेवढी शेवटची खोली बघायची आहे.

म्हणून कॅसेट बाळांच्या तोंडातून सोडवल्यावर घड्याळजींनी विचार केला, की मुलं उभी राहून शहाणी होईपर्यंत महिनाभर ती कुठेतरी जपून ठेवावी. आयुष्यात एकच चूक करायची ठरवली असती, तर त्यांनी हीच निवडली असती. ते कॅसेट घेऊन मंडळात गेले.

मंडळाचं पूर्ण नाव 'जुने घरगुती व्हिडिओ गेम संग्राहक, संवर्धक व चर्चा मंडळ'. औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर दर गुरुवारी सहा ते आठ बैठक. सभासद चौतीस. प्रत्येकाकडे कपाटभर गेम, आणि एकाही गेमला कुणाचं बोट लागलेलं नाही. अध्यक्ष निवृत्त वजनमापे निरीक्षक होते. सचिव दातांच्या डॉक्टरीणबाई, त्या इतिवृत्तसुद्धा हातमोजे घालून लिहीत. वस्तू सांभाळण्याची व्यवस्था मोफत होती, फक्त एक अर्ज भरायचा होता.

अर्जात प्रश्न होता: सदर वस्तू खेळली गेली आहे काय? असल्यास किती वेळा? घड्याळजींनी खरं ते लिहिलं. रोज दोन ते चार, अठरा वर्षं.

अध्यक्षांनी ते वाचून चष्मा काढला. सगळ्यांनी घड्याळजींकडे असं पाहिलं, की जणू या माणसाकडे चारशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित आहे आणि घरचे त्यावर भाजी चिरतात. मंडळात वस्तूंचे तीन वर्ग होते: अ, अस्पर्शित, ब, स्पर्शित, क, खेळलेली. पैकी 'क' आजवर कुणालाच मिळाला नव्हता. तो रकाना तक्त्याला शोभा यावी म्हणून छापलेला होता.

बराच खल झाला. शेवटी असं निघालं, की वस्तू खेळली गेली याला मालकाच्या बोलण्यापलीकडे पुरावा नाही, आणि मालकाचं बोलणं हा नियमाप्रमाणे पुरावा नव्हे. सबब वस्तू अस्पर्शित. कोपऱ्यावर जुळ्यांच्या दातांचे दोन बारीक ओरखडे होते, ते डॉक्टरीणबाईंनी भिंगातून तपासले आणि कारखान्यातले म्हणून नोंदवले. वजन चौऱ्याण्णव ग्रॅम भरलं. कॅसेट सील करून काचेच्या कपाटात गेली. घड्याळजींना पावती मिळाली, आणि वस्तूला यापुढे 'कॅसेट' न म्हणता 'कार्ट्रिज' म्हणावं अशी तोंडी समज.

महिन्याभराने बाळं उभी राहिली. शहाणी झाली नाहीत, पण आक्का वाट बघून कंटाळली होती, आणि तिच्या पायांवर सूज दिसायला लागली होती. घड्याळजींनी वस्तू परत मिळण्याचा अर्ज केला. कारणाच्या जागी लिहिलं, बहिणीला खेळायचं आहे.

अर्ज नामंजूर झाला. मान्य कारणं तीनच होती: प्रदर्शन, तुलना आणि छायाचित्रण. डॉक्टरीणबाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी घड्याळजींना जिन्यात गाठून हळूच सांगितलं, की 'खेळणं' हा शब्द लिहू नका, 'कार्यात्मक पडताळणी' लिहा. घड्याळजींनी तसं लिहिलं. मग कळलं की कार्यात्मक पडताळणीसाठी उपसमिती लागते, उपसमितीला चालू यंत्र लागतं, आणि मंडळाकडे यंत्रं चौदा असली तरी ती सगळी अस्पर्शित आहेत. घड्याळजी म्हणाले, यंत्र घरून आणतो. पण घरचं यंत्र वापरलेलं निघालं. वापरलेल्या यंत्रात अस्पर्शित वस्तू घालणं म्हणजे काय, हे सांगताना अध्यक्षांना शब्द सापडेनात. त्यांनी पाणी मागवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या गेमच्या चाळिसाव्या खोलीत काय आहे, यावर मंडळात अकरा वर्षं चर्चा चालू होती. एक गट म्हणे आत राजा बसलेला आहे. दुसरा म्हणे खोली रिकामी आहे आणि तोच गेमचा अर्थ आहे. दोन्ही गटांची स्वतंत्र टिपणं होती आणि चहाच्या किटल्याही स्वतंत्र होत्या. दोन सख्खे साडू याच मुद्द्यावरून चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आणि या सगळ्यांत पहिली खोली तरी ओलांडलेला माणूस एकही नव्हता.

हे घड्याळजींनी घरी सांगितलं तेव्हा आक्का म्हणाली, मग सोपं आहे की. दुसऱ्या गुरुवारी तीन ठिकाणी थांबत, कठडा धरत ती औषधाच्या दुकानावरचा जिना चढली. घड्याळजींनी नको म्हणून पाहिलं, पण तिने त्यांना खालीच थांब म्हणून बजावलं, आणि ते अर्थातच मागोमाग गेले. वर पोचल्यावर ती पाच मिनिटं नुसती श्वास घेत बसली. सभासद तिला निरखत होते. एका तरुण वकिलाने जवळ येऊन हलक्या आवाजात विचारलं, "बाई, खेळताना… नेमकं काय करायचं असतं?"

"बटणं दाबायची," आक्का म्हणाली. "आणि पडलं की परत उठायचं."

मग ती अध्यक्षांकडे वळली. "साहेब, मला इथेच खेळू द्या. तुमच्या डोळ्यांसमोर. हातमोजे घालते हवं तर. मी दाराशीच आहे. आज नाही तर चार दिवसांत उघडेल. राजा आहे की नाही, सगळ्यांनाच कळेल."

राजावाल्यांनी रिकाम्यावाल्यांकडे पाहिलं. साडूंनी चार वर्षांत प्रथमच एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांच्या चेहऱ्यावर एकच भीती होती.

अध्यक्ष अतिशय नम्रपणे म्हणाले, "ताई, तुमचा उद्देश चांगला आहे. पण एकदा कळलं, की पुढच्या गुरुवारी आम्ही जमायचं कशासाठी?"

नकाराचा ठराव एकमताने झाला. मंडळाच्या इतिहासातला तो पहिला एकमताचा ठराव. दोन्ही किटल्यांतला चहा त्या संध्याकाळी एकाच तबकातून फिरला.

जिना उतरताना आक्का मध्येच पायरीवर बसली. तिच्या ओठांना निळसर छटा आली होती. "धाकट्या," ती म्हणाली, "ती माणसं वाईट नाहीत रे. त्यांना दार आवडतं. खोली नकोय."

घड्याळजी गरीब स्वभावाचे गृहस्थ, सरकारी फॉर्मवर पेन्सिलीने आधी लिहून मग शाई फिरवणारे. पण पायरीवर बसलेली बहीण पाहिली आणि त्यांच्यातलं काहीतरी सटकलं. पुढच्या गुरुवारी त्यांनी तिसरा अर्ज दिला. विषय: वस्तूच्या अंतर्गत घटाच्या क्षमतेचे मापन. घट म्हणजे तोच सेल. यात खेळणं नव्हतं, पडताळणी नव्हती, नुसतं मापन होतं. मापन हा शब्द ऐकताच निवृत्त निरीक्षकांचा चेहरा उजळला. सील तोडायचं, मोजायचं, परत सील करायचं, आणि आधी व नंतर वजन करायचं, अशा अटींवर मंजुरी मिळाली.

सेल मरायला टेकला होता. घड्याळजींनी नवा घालण्याची परवानगी मागितली. त्यावर घट उपसमिती नेमली गेली, तिच्या तीन बैठका झाल्या आणि परवानगी मिळालीसुद्धा. अट एकच, जुना सेल जागेवरून हलता कामा नये.

घड्याळजी दुकानात बसून दोन दिवस काट्यावर तोलत होते. बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरमधली सर्किटची पट्टी, पितळेचा एक तुकडा, कानशीने घासत घासत. पुढच्या गुरुवारी चौतीस सभासदांच्या देखत त्यांनी त्या परवानगीवर कॅसेटचं कवच उघडलं. चाळीस वर्षं माणसांच्या मनगटावरची घड्याळं खोलणारी बोटं ती. आतली खरी पट्टी सेलसकट कधी बाहीत गेली आणि कॅल्क्युलेटरची कधी बसली, हे त्यांचं त्यांनाही नीट दिसलं नाही. अध्यक्षांनी वजन केलं आणि समाधानाने वाचून दाखवलं: चौऱ्याण्णव.

शनिवारी दुपारी बाळं झोपली होती. स्वयंपाकघराच्या टेबलावर घड्याळजींनी दोन तारांनी नवा सेल आधी जोडून घेतला आणि मग जुना सोडवला, म्हणजे मध्ये क्षणभरही कॅसेटला विस्मरण होऊ नये. आक्का टॉर्च धरून होती.

"हात हलतोय तुझा," घड्याळजी म्हणाले.

"माझा नाही. तुझा."

मुलीच्या कंगव्याच्या एका रिकाम्या डबीत पट्टी बसवून त्यांनी ती यंत्रात खोचली. सवयीने आधी फुंकर मारली. टीव्हीवर बुटका माणूस चाळिसाव्या दारासमोर, जिथल्या तिथे उभा होता. आक्काने रिमोट मांडीवर घेतला, उशीला टेकली आणि खेळायला लागली. सोमवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं.

आक्का गेल्यावर घड्याळजींना ती कॅल्क्युलेटरची पट्टी झोपू देईना. एका गुरुवारी ते मंडळात उभे राहिले आणि सगळं कबूल करून मोकळे झाले. कपाटातली वस्तू आतून खोटी आहे म्हणाले. खरी आणून देतो म्हणाले.

मंडळाने शांतपणे ऐकून घेतलं. मग डॉक्टरीणबाईंनी नोंदवही उघडून वाचलं, की कपाटातल्या वस्तूचा मागच्याच महिन्यात अठ्ठ्याण्णव गुणांसह अस्पर्शित हा दर्जा कायम केला आहे, वजन सात वेळा तपासलेलं आहे आणि सील शाबूत आहे. यावरून वस्तू खरी आहे हे सिद्ध होतं. वस्तू खरी असेल, तर घड्याळजींच्या घरी आहे ती नक्कल. नक्कल बाळगल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली. वयाकडे पाहून पुढची कारवाई टाळली.

पण दुसऱ्याच दिवसापासून दुकानात गिऱ्हाईक वाढलं. आधी वकील आला, पट्टा बदलायला. मग एक साडू आला, त्यानंतर अर्ध्या तासाने दुसरा. शेवटी अध्यक्ष स्वतः आले, चालतं घड्याळ दुरुस्तीला घेऊन. प्रत्येक जण इकडे तिकडे बघायचा, काउंटरवर वाकायचा आणि विचारायचा, की खोलीत काय होतं.

घड्याळजी सगळ्यांना एकच सांगत. कॅसेट घरी आहे, या आणि खेळा, पहिल्या खोलीपासून शिकवतो. यावर सगळ्यांचं उत्तर एकच असे, की तेवढा वेळ कुणाला आहे, तुम्ही आपलं तोंडी सांगा.

"मी पाहिलं नाही," घड्याळजी म्हणत. "दार उघडलं तेव्हा मी पडद्याकडे बघत नव्हतो. आक्काच्या तोंडाकडे बघत होतो."

लोक चुकचुकत. अशी संधी, आणि या माणसाने ती वाया घालवली. पट्टा न बदलताच निघून जात. चौतीस जण येऊन गेले. आक्काच्या तोंडावर त्या वेळी काय होतं, हे एकानेही विचारलं नाही. वाचणाऱ्यांनीही उगाच त्यांना हसू नये. इथवर आलात ते खोलीत काय होतं ते कळेल म्हणून, आणि अजूनही मनात तेच आहे.

आक्का त्याच वर्षी ऑक्टोबरच्या एकोणीस तारखेला, रविवारी सकाळी दहाच्या सुमारास वारली. तिला शहात्तर वर्षं पुरी झाली होती.