बबनकाकांचं पॅक

हातात पत्ते आले की बबनकाका आधी ते कपाळाला लावतात, मग उघडून बघतात आणि बहुतेक वेळा "पॅक" म्हणून टाकून देतात. इतक्या भक्तिभावाने हरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

थेरगावहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर आम्हा चौघांचा तीन पत्तीचा डाव बसतो. मांडीवर माझी डब्याची बॅग, तिच्यावर पत्ते, आणि डाव शेंगदाण्यांवर. दाणे काकांनी घरून भाजून आणलेले, प्रत्येकाला एक मूठ. ज्याचे संपले त्याने उठून पुढे जायचं आणि कानात इयरफोन घालून झोपायचं, हा आमच्या बसचा कायदा.

या खेळात मी स्वतःला फार पोचलेला समजत होतो. हातात काही नसताना चाल वाढवत न्यायची आणि समोरच्याला घाबरवून पत्ते टाकायला लावायचे, ही माझी खासियत. कंपनीत मी क्वालिटीला आहे. माणसाचा नुसता चेहरा पाहून मी दोष ओळखतो, असं बायकोलाही सांगून ठेवलं होतं. तिने फक्त डबा भरून हातात दिला होता.

काका तर माझं ठरलेलं गिऱ्हाईक. मी दाणे पुढे सरकवले की म्हणायचे, "न्हाई बाबा, तुझ्यापुढं आमचं काय चालतंय? पॅक." मग चाल कधी वाढवावी आणि पत्ते कधी टाकावेत, यावर मी त्यांना मोशीपर्यंत व्याख्यान द्यायचो. ते "व्हय, व्हय" करत ऐकून घ्यायचे.

काकांच्या निवृत्तीला आठवडा उरला होता. त्या सकाळी बाकीच्या दोघांनी पत्ते टाकले होते. माझ्या हातात दुर्री, पंजा, सत्ती, म्हणजे काहीच नाही. मी चष्मा पुसून ऐटीत उरलेसुरले सगळे दाणे एका चालीत लावले. काका म्हणाले, "पॅक." तेवढ्यात स्पीडब्रेकर आला, बॅग उडाली आणि त्यांनी टाकलेले पत्ते माझ्या बुटावर उताणे पडले. तीन राजे.

"काका, तीन राजे कुणी टाकतं का?"

"मला वाटलं, तुझं भारी असंल."

"खरं सांगा."

काका सांडलेले दाणे वेचू लागले. "खोटी चाल खेळताना तू चष्मा पुसतोस. पैल्या दिवसापास्नं. पर तुझे दाणे संपले की तू उठून जाणार, मग हे दोघं बी मोबाइल काढणार. तुझी काकू गेल्यापास्नं घरात बोलाया कोण न्हाई. चाकण येईस्तोवर डाव टिकाया पायजे."

माझी सगळी विद्या चारचौघांत उघडी पडली. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते पुढच्या आठवड्याचं. बस जाईल, आणि काका घरीच असतील.

चाकणच्या चौकात बस नेहमीसारखी अडकली. मी म्हणालो, "आता दर रविवारी घरी येतो. पण खरं खेळायचं, दया नको."

"खरं खेळलो तर अर्ध्या तासात तुझे दाणे संपतील."

"संपले तरी बसेन."

 काका पत्ते गोळा करून माझ्या हातात देत म्हणाले, "पीस. पर आधी त्यो चष्मा खिशात घाल."