म्हाताऱ्यासाठी रानबदकाचा रस्सा

"माझ्या हातचा रस्सा चाखला ना, की पापा खाटेवरून उठून नाचतात की नाही बघ!" नॉर्बेरने बहिणीला, युलालीला, ठणकावलं. आयुष्यात साधं अंडं न उकडलेला माणूस!

बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या, काठच्या त्या घरात पाद्री मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं तेल लावून गेला होता, डॉक्टरने हात टेकले होते. तिओजेन म्हाताऱ्याने अन्न सोडलं होतं. सकाळी मात्र तो पुटपुटला, "रानबदकाचा रस्सा... तुमच्या आईसारखा."

बदकं नॉर्बेरनेच मारलेली. ती साफ करून त्याने बिडाच्या भांड्यात तेल तापवलं, रस्सा दाट करणारं पीठ परतायला घेतलं. हे पीठ म्हणजे रांगतं पोर! क्षणभर नजर हटली की घात.

"नॉर्बेर, धाव! पापांचा श्वास थांबला!" आतल्या खोलीतून युलाली किंचाळली.

उलथनं फेकून तो धावला. पापा थंडगार, जबडा उघडा. युलालीने जपमाळ काढली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून धुराचा लोट आला. म्हाताऱ्याची नाकपुडी थरथरली. एक डोळा उघडला.

"जाळलंस ना, गाढवा?"

नॉर्बेरने भांडं घासून पुन्हा पीठ घेतलं. ते जरा तांबूस होतंय तोच पुन्हा किंकाळी, पुन्हा धावाधाव, पुन्हा धूर! आणि म्हातारा पुन्हा जागा!

"मेल्या, घर पेटवतोस का? आता मी मेलो तरी भांड्यापासून हलायचं नाही!"

तिसऱ्यांदा युलालीने हाक मारली तेव्हा नॉर्बेरचे पाय दाराकडे वळले. पण पापांचा हुकूम! रडत रडत तो ढवळत राहिला. पीठ काळपट तपकिरी झालं, त्यात कांदा, सेलरी, ढोबळी मिरची पडली, आणि घरभर घमघमाट सुटला. अगदी आईच्या रश्श्याचा!

आतल्या खोलीत म्हाताऱ्याने छाती भरून वास घेतला.

"हां. जमलं पोराला," तो समाधानाने म्हणाला, आणि गेला.

दफनानंतर गावाने तो बदकांचा रस्सा भातावर ओतून भांडं चाटूनपुसून साफ केलं. "जन्मात असा रस्सा खाल्ला नाही!" म्हणत जो तो नॉर्बेरची पाठ थोपटत होता. युलालीने मात्र ताटाला हात लावला नाही.

"जाळत होतास तोवर पापा उठत तरी होते रे," ती म्हणाली. "एवढं चांगलं करायची काय गरज होती?"